बर्फ न लागलेला डोळा

१

समज, तू एक मासा आहेस. हसू नकोस, नीट समज. साठ वाव, म्हणजे साडेतीनशे फूट खोल, काळ्या गार पाण्यात एका खडकाच्या कपारीत तू राहतोस. तुझा रंग संत्र्यासारखा आहे आणि डोळा पिवळाधमक, पण तिथे उजेडच नाही, त्यामुळे ते तुला ठाऊक नाही. सगळं आयुष्य तू त्या एका खडकाजवळ काढलंस. मग एक दिवस तू काहीतरी गिळतोस आणि ते तुला वर ओढायला लागतं. तुझ्या पोटात हवेची एक पिशवी आहे. वर यावं तसा पाण्याचा दाब कमी होतो आणि ती पिशवी फुगत जाते. डोळे बाहेर येतात. आतडी तोंडाशी येतात. वरच्या माणसाला दया आली आणि त्याने तुला पाण्यात सोडलं, तरी तुला खाली जाता येत नाही. तू बुचासारखा तरंगत राहतोस. घर तुझ्या अगदी खाली आहे, साठ वावांवर. आणि वर कुरव पक्षी जमायला लागलेत.

म्हणून आमच्या किनाऱ्यावर हौशी गळवाल्यांसाठी एक कडक नियम आहे. बाकीचे खडकमासे मोजून न्या, पण पिवळडोळ्या एकही ठेवायचा नाही. चुकून लागलाच तर त्याच्या ओठाला चिमटा लावायचा, चिमट्याला वजन बांधायचं आणि त्याला खोल नेऊन सोडायचं. मेला असला तरी ठेवायचा नाही.

हेरॉन कोव्हच्या शाळेत मी छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर उन्हाळ्यात धक्क्यावर मासे मोजायचं काम घेतलं. कुठल्या बोटीने कुठल्या जातीचे किती आणले, केवढे आणले, ते लिहायचं. मासे साफ करायच्या टेबलाशेजारी एक निळं पिंप असतं. मांस काढून झालं की डोक्याशेपटीसकट उरलेला काटा त्यात टाकतात, आणि खेकडेवाले तो आमिषाला नेतात. ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी मी त्या पिंपात डोकावलो, आणि आतून एक पिवळा डोळा माझ्याकडे बघत होता.

दुपारी पिंप रिकामं झाल्यावर दोनच बोटी लागल्या होत्या. एक डेल फर्नलीची, आणि दुसरी एनो हाकोलाची ‘लेम्पी’. सापडलेल्या काट्याच्या वर आणि खाली लेम्पीचेच मासे होते.

मत्स्यखात्याची इनेझ कॉर्व्हालो तासाभरात आली. ती माझीच विद्यार्थिनी, दुसऱ्या बाकावरची.

“सर, हे मला आवडत नाहीये,” ती म्हणाली. “पण मे महिन्यात एनोंना एक ताकीद मिळालीये. बंद भागाची रेषा ओलांडली होती. ही दुसरी. कुणी केलं ते सोमवारी दहापर्यंत कळलं तर त्याच्यावर लिहीन. नाही कळलं तर कप्तानावर. मग लेम्पीचा परवाना गेला.”

एनो शहात्तर वर्षांचा होता. बायको गेलेली, तिच्याच नावाची ती बोट. घरी तो आणि अकरा वर्षांची नात मेरिट, दोघंच. बोटीवर दोघांचं पोट होतं. तो तिथेच उभा राहून ऐकत होता.

“माझ्या बोटीवर कुणी पिवळडोळ्या ठेवला नाही,” तो शांतपणे म्हणाला. “मला दिसला असता.”

आणि तो वळून निघाला. वाटेत हिरव्या बादलीला पाय लागून पाणी सांडलं. “मधे कुणी ठेवली ही?” असं पुटपुटत तो घरी गेला.

थोड्या वेळाने मेरिट लंगडत आली. शिंपल्याने तळपाय कापला होता, म्हणून तिला चार टाके पडले होते आणि आठवडाभर बोटीवर बंदी होती.

“सर, उक्कीने नाही केलं,” ती म्हणाली. आजोबांना ती उक्की म्हणायची, त्यांच्या फिनलंडकडच्या घरात तसंच म्हणतात. “कुणी केलं ते कसं शोधायचं, मला शिकवा.”

शिकवा म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. तेवढा एक दिवस म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

२

धक्क्यावरच्या माझ्या खोलीत मी तो काटा पाटावर ठेवला. इनेझने त्याला चिठ्ठी बांधून माझ्याच ताब्यात दिला होता.

“आधी काय दिसतं ते सांग,” मी म्हणालो. “काय वाटतं ते नंतर.”

मेरिटने वही उघडली. ती बोटाने जपून एकेक जागा दाखवत गेली.

“मांस फार छान काढलंय. काट्याला काही राहिलं नाही.”

“लिही.”

“शेपटीला खाच नाही.”

हे मात्र मी दोनदा पाहिलं. लेम्पीवर नेल पॅडगेट खलाशी होती. मासा गळाला लागला की नेल सुरीने त्याच्या शेपटीला खाच पाडायची. पहिल्या जागेवरच्या माणसाला एक, दुसऱ्याला दोन, म्हणजे धक्क्यावर कुणाचा मासा कुठला यावरून भांडण नको. पिंपातल्या प्रत्येक शेपटीला खाच होती. याच्या नव्हती.

“डोळा बाहेर आलाय, म्हणजे खोल पाण्यातला,” मेरिट पुढे म्हणाली. “पण स्वच्छ आहे. बाकीच्यांचे दुधाळ झालेत.”

“का झाले?”

“बर्फ लागला की होतात. सर, याला बर्फ लागलाच नाही.”

“मग ऑगस्टच्या दुपारी तो इतका ताजा कसा राहिला?”

  तिने माशाच्या गालाजवळ भिंग धरलं. “इथे ठसा आहे. बारीक बारीक चौकटी, चाळणीसारख्या. आणि कल्ल्यात एक तपकिरी धागा.”

तिने चौकटींचं चित्र काढलं. धागा वहीत चिकटवला. मग मी काटा बर्फाच्या पेटीत ठेवला, कारण सोमवारपर्यंत तो टिकवायचा होता.

रविवारी सकाळी आम्ही त्याचं वय काढलं. माशाच्या कानात एक खडा असतो, तांदळापेक्षा थोडा मोठा. तो मधोमध तोडून किंचित भाजला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. एक वलय, एक वर्ष. मेरिटने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओठ हलवत मोजायला लागली. मधेच चुकली, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर तिने मान वर केली.

“एक्क्याऐंशी. सर, हा उक्कीपेक्षा पाच वर्षांनी मोठा होता.”

“हो.”

“उक्की जन्मला तेव्हा हा त्या खडकाजवळ होता.”

मी तो आकडा नोंदीत लिहिला. मासे मोजणाऱ्याला अशा वेळी तेवढंच येतं.

बारा वाजता तिने पिशवीतून थर्मास काढला. “उक्कीने कालचं सूप पाठवलंय. तुम्ही एकटे असता, नीट जेवत नाही म्हणतो.” दूध, बटाटा, शेपूची पानं आणि माशाचे पांढरेशुभ्र तुकडे. सोबत वेलदोड्याचा पाव. आम्ही दोघांनी त्या काट्याच्या पेटीशेजारी बसून ते सूप संपवलं. फार चांगलं झालं होतं.

३

लेम्पीवर त्या दिवशी सहा गिऱ्हाईकं होती. पाच जण शनिवारीच परत गेले होते आणि ते एकाच घरातले, देवळातून बाहेर पडावेत तसे सोज्वळ. उरला क्लेटन ऑग्सबर्ग, फरशा विकणारा, तिसऱ्या जागेवरचा. तो अजून मोटेलात होता. त्याने दार अर्धंच उघडलं.

“मी सगळं त्या बाईंना सांगितलंय.”

“सर म्हणतात, पुन्हा विचारल्यावर जास्त सांगता येतं,” मेरिट म्हणाली.

तो माझ्याकडे बघून हसला. “ही तुमची साहेब का?”

“सध्या तरी.”

“बरं, साहेब. मला एक मोठा नारिंगी मासा मिळाला. हा बघा फोटो.”

मेरिटने फोन हातात घेऊन फोटो मोठा केला. “याच्या अंगावर राखाडी ठिपके आहेत. ही कॅनरी, पिवळडोळ्यासारखी दिसणारी दुसरी जात. आणि शेपटीला तीन खाचा.” तिने फोन परत दिला. “ही चालते.”

“मग सुटलो?”

“तुम्ही मासा साफ करू शकता का? काट्याला मांस न ठेवता?”

“बेटा, मी घरी टोस्ट कापला तरी बायको वरून बघते.” मग त्याचा आवाज थोडा उतरला. “खरं सांगू? एक जास्तीचा मासा मी कोटाखाली लपवायला बघितलं होतं. त्या नेलने पकडलं. म्हणाली, काढा बाहेर, नाहीतर तुम्हालाच खाच पाडते. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. कप्तान आपला शेवटी त्याच्या खिडकीशी निवांत गळ टाकून बसला होता.”

मेरिटने फक्त ‘नेलच्या नजरेतून सुटत नाही’ एवढं लिहिलं. मीही तिला दुसरं काही लिहायला सांगितलं नाही.

फर्नली त्याच्या बोटीचं इंजिन उघडून बसला होता. एनोचं आणि त्याचं वीस वर्षं पटत नव्हतं.

“या मास्तर. चोर शोधायला निघालात? आणि ही लंगडणारी हवालदार कोण?”

“काटा तुम्ही टाकला का पिंपात?” मेरिटने सरळ विचारलं.

“आजोबावर गेलीस. तो पण असाच, आधी नमस्कार नाही.” त्याने हात पुसले. “मी शनिवारी खोल समुद्रात ट्यूनाला गेलो होतो, गं. खडकाजवळ फिरकलोसुद्धा नाही. माझ्याकडे सगळा माल बर्फाच्या पाण्यात बुडवलेला असतो, विचार मास्तरला, त्यानेच मोजला. एनोची गिऱ्हाईकं मला मिळाली तर हवीच आहेत. पण अशी नकोत.” तो पुन्हा इंजिनात वाकला आणि आतूनच म्हणाला, “टेबलाशी दोघंच कापत होती. एका टोकाला नेल, शंभर मासे समोर. दुसऱ्या टोकाला तुझा आजोबा, घरच्यासाठी एक.”

मेरिटची पेन्सिल थांबली. मग तिने ठरवल्यासारखं लिहिलं, ‘नेल’.

४

नेल पॅडगेट जाळ्याच्या ढिगावर बसून कॉफी पीत होती. तीस वर्षांची, अंगाने दणकट, बोलण्याने त्याहून. पुढच्या महिन्यात तिची कप्तानाची परीक्षा होती.

“बसा सर. मेरिट, पाय वर घे, टाके ओले होतील. विचारू नकोस, सांगतेच. मी कापला तो मासा.”

मेरिटने वही उघडली.

“शंभर मासे, एक मी. डोळ्यांत घाम गेला. कॅनरी म्हणून कापला. उद्या इनेझच्या कागदावर सही करते. संपलं.”

“आणि तुमची परीक्षा?”

“पुढच्या वर्षी देईन. समुद्र कुठे जात नाही.”

“मासा कितव्या जागेवरचा होता?”

“तिसऱ्या. त्या फरशीवाल्याचा.”

“शेपटीला खाच नव्हती,” मेरिट म्हणाली.

नेलने कॉफीचा घोट घेतला. 

“विसरले असेन.”

“तुम्ही कधी विसरत नाही. आणि त्याला बर्फ लागला नव्हता. तुमच्याकडे मासा आधी बर्फात जातो. नेल, तुम्ही खोटं बोलताय.”

“मेरिट,” नेल म्हणाली. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. “हे इथेच सोड. पाय बरा होऊ दे, पुन्हा बोटीवर ये. सगळं ठीक होईल. तू बोटीवर असलीस की सगळं ठीक असतं.”

परत येताना मेरिटने वहीतलं ‘नेल’ खोडलं. मग म्हणाली, “सर, माणूस खोटं का बोलतं? स्वतःला वाचवायला ना?”

“बहुतेक वेळा.”

“नेल खोटं बोलली तर ती बुडते. मग ती कुणाला वाचवतेय?”

मला तेव्हा अंधुक काहीतरी दिसायला लागलं होतं, आणि ते दिसू नये असं वाटत होतं.

५

एनो अंगणात खेकड्यांच्या पिंजऱ्यांना बांधायचे तरंगते बोये रंगवत बसला होता. प्रत्येक घराच्या बोयांचा रंग ठरलेला असतो. हाकोलांचा पांढरा, मधे पिवळा पट्टा.

“ये मास्तर. सूप कसं झालं होतं?”

“उत्तम.”

“कॅनरीचं सूप बिघडतच नाही,” तो म्हणाला आणि ब्रश धुवायला आत गेला.

मी जिथे उभा होतो तिथेच थांबलो. मेरिट कुंपणाकडे बघत होती. तिथे एक जुनं गोणपाट वाळत घातलेलं होतं. पूर्वी सगळ्याच बोटींवर गोणपाट असायचं. समुद्राच्या पाण्यात भिजवून त्यात मासा गुंडाळला की वाऱ्याने तो दिवसभर गार राहतो. बर्फाच्या पेट्या आल्या आणि ती पद्धत मोडली. मी तर विसरूनच गेलो होतो. एनो विसरला नव्हता. घरच्या जेवणासाठी स्वतः पकडलेला एक मासा तो अजून गोणपाटातच आणायचा, त्यामुळे त्याला ना बर्फ लागायचा ना नेलची खाच.

मेरिटने वही उघडली. चौकटींचं चित्र गोणपाटाच्या विणीजवळ धरलं. मग चिकटवलेला धागा. तिने वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा जुळवून पाहिलं. मोजणी चुकली असावी अशी आशा तिच्या चेहऱ्यावर होती. ती मी मुलांच्या चेहऱ्यावर परीक्षेत खूपदा पाहिली आहे.

“सूप,” ती म्हणाली. “सर, सूप मीही प्यायले.”

“मीही.”

“उक्की खोटं बोलला?” तिने विचारलं. “‘मला दिसला असता’ म्हणाला. इनेझबाईंसमोर. तो कधीच...”

ती बोयांच्या रांगेशेजारी बसली. एक बोया तिने मांडीवर ओढला, नुसतं काहीतरी हातात हवं म्हणून. आणि तिचं बोट मधेच अडखळलं. तिने बोयावरून पुन्हा बोट फिरवलं.

“इथे रंगाची कड लागतेय. पट्टा आहे. पण दिसत नाही.”

मी वाकून पाहिलं. पांढऱ्या बोयावर, मोजूनमापून, एकसारख्या रुंदीचा पांढरा पट्टा ओढला होता. रांगेतल्या बाराही बोयांवर तसाच. शेजारी रंगाचे दोन डबे होते. पांढरा अर्ध्यावर आलेला, पिवळ्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

पुढचं मेरिटने स्वतः मांडलं, शाळेतल्या गणितासारखं, एकेक पायरी.

“बोटीवर तो मला रंग विचारतो. नकाशाच्या पडद्यावर पिवळी रेषा कुठाय, मेरिट? हा मासा कुठल्या रंगाचा? बोयाचा पट्टा दिसतो का बघ. मला वाटायचं, मला शिकवतोय.”

मलाही तेच वाटायचं. उन्हाळाभर धक्क्यावरून मी ते ऐकलं होतं आणि म्हटलं होतं, एनो काय छान शिकवतो, उत्तर स्वतः देत नाही, पोरीकडून काढून घेतो. छत्तीस वर्षं शिकवून माझी अक्कल एवढीच.

“मे महिन्यात बंद भागाची रेषा ओलांडली तेव्हा मी शाळेत होते. ती रेषा पडद्यावर पिवळी असते. आणि शनिवारी माझ्या पायाला टाके.” ती थांबली. “दोन्ही वेळा मी नव्हते.”

“मेरिट, तुझ्यामुळे झालं नाही हे.”

“मला माहितीये. पण मी असते तर झालं नसतं. दोन्ही खरं आहे ना, सर?”

दोन्ही खरं होतं.

“तो तर अंगठ्याने ओळखतो,” ती म्हणाली. “जबडा खालून गुळगुळीत लागला तर कॅनरी, खरखरीत लागला तर शेंदऱ्या खडकमासा. दोन्ही चालतात. पिवळडोळ्याचाही जबडा गुळगुळीतच, पण त्याला कुणी हात लावून बघतच नाही. तो तर लांबून दिसतो.”

ती खरी गोष्ट होती. साऱ्या किनाऱ्यावर पिवळडोळ्या चाचपून ओळखायची पद्धतच नाही, कारण तशी गरज कुणाला पडली नव्हती. एनोने पन्नास वर्षांच्या सवयीने एक खूण तपासली आणि दुसरी डोळ्यांवर सोडून दिली.

“आता काय करायचं?” मेरिटने विचारलं.

बघ, तुला एक कबुली देतो. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की मी म्हणतो, आपण शोधू. त्या दिवशी तेही म्हणता आलं नाही. गप्प राहिलं तर नेल बुडते. बोललं तर परवाना जातो, आणि जाणाराच. ज्याला रेषा दिसत नाही त्याच्या हाती सहा माणसांची बोट कशी द्यायची? इनेझ बरोबर होती, नियमही बरोबर होता. कुणी वाईट असतं तर बरं वाटलं असतं. मी सगळीकडे शोधलं, पण या गोष्टीत वाईट माणूस नव्हता.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

६

सोमवारी दहाला धुकं अजून उठलं नव्हतं. धक्क्याच्या टोकाला इनेझ कागद घेऊन उभी होती. नेल तिच्याकडे पेन मागत होती. एनो लेम्पीच्या शेजारी उलट्या खोक्यावर बसून दोराला गाठी मारत होता. गाठी मारायला त्याला बघावं लागत नसे.

मेरिट माझ्या खोलीत आली आणि पेटीतून तो काटा काढून दोन्ही हातांवर घेऊन बाहेर गेली. मी अडवलं नाही. दोन दिवस बर्फात राहून आता तो डोळाही दुधाळ झाला होता. पिवळा रंग कुणालाच दिसला नसता.

ती एनोसमोर गुडघ्यांवर बसली. “उक्की, अंगठा दे.”

“काय आहे?”

“दे तर.”

तिने त्याचा अंगठा जबड्याखालून नेला. “गुळगुळीत,” तो म्हणाला. “कॅनरी.” त्याला अजून गंमत वाटत होती. मग तिने अंगठा उचलून डोळ्याच्या वरच्या हाडावर ठेवला. म्हाताऱ्या पिवळडोळ्याच्या तिथे कानशीसारखी खरखरीत कड असते. अंगठा एकदा त्या कडेवरून गेला. पुन्हा गेला. मग तिथेच थांबला.

“कुठल्या पिंपातला?” त्याने विचारलं.

“तुझ्या गोणपाटातला.”

पाण्यात कुठेतरी घंटेचा बोया वाजत होता. 

“सूप?”

“हो, उक्की.”

एनोने टोपी काढून मांडीवर ठेवली. “मार्चमध्ये डॉक्टर म्हणाला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता म्हणे. हा काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते औषधाने जपायचं. आधी कडेकडेचं गेलं. मग पिवळा गेला. मला वाटलं, तू आहेस तोवर एक मोसम निघेल. रंग तुझ्याकडून घेत होतो, पोरी. तुला सांगायला हवं होतं.”

“बोये पण पांढरेच रंगवलेस.”

“सगळे?”

“बाराही.”

तो हसायला गेला आणि ते त्याला जमलं नाही. “किती वर्षांचा होता हा?”

“एक्क्याऐंशी.”

त्याने त्या डोक्यावर तळहात ठेवला, एखाद्या ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. मग मान वळवून, धुक्यात दिसत नव्हतं त्या दिशेला, मोठ्याने म्हणाला, “नेल, ते पेन खाली ठेव. तुझा कप्तान अजून मी आहे, दहा मिनिटं तरी.”

“कप्तान, तुम्ही बसा हो गप,” तिकडून नेल ओरडली.

एनो उठला. धक्क्याच्या टोकापर्यंत चाळीस पावलं असतील. वाटेत दोर होते, पेट्या होत्या, आणि कुणीतरी ती बादली पुन्हा मधेच ठेवली होती. तो आयुष्यभर त्या फळ्यांवरून चालला होता, आणि आता पहिलं पाऊल टाकायच्या आधी थांबला.

मी पुढे होणार होतो. पण मेरिटने काटा माझ्या हातात दिला आणि लंगडत त्याच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे जाऊन उभी राहिली. हात धरला नाही. कप्तानाचा हात सगळ्यांसमोर धरायचा नसतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती नेहमीच्या आवाजात, पडद्यावरचे रंग सांगायची तशी, सांगायला लागली.

“सरळ. दोर, तपकिरी, उजवीकडे. इथे फळी ओली आहे. डावीकडे हिरवी बादली.”

या वेळी उक्कीने विचारलं नव्हतं.